हेलियमचा किल्ला आणि हेलियमचे भोवरे

१/
दरवर्षी १८ ऑगस्टच्या सुमारास मराठी समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरते : ‘हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.’ सोबत किल्ल्याचे छायाचित्र असते, ‘साहेबाच्या कट्ट्यां’चा उल्लेख असतो आणि खाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग असते. वाक्य चुकीचे आहे. परंतु केवळ चूक दाखवून थांबावे, एवढाच या धाग्याचा हेतू नाही. त्या एका वाक्यापाशी अभिमान थबकतो आणि हेलियमचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास मराठी वाचकाच्या नजरेआड राहतो, ही खरी हानी आहे.

२/
त्या पुढच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक भोवरा आहे. नदीतल्या भोवऱ्यासारखा वाटेल तेवढा लहान-मोठा होणारा हा भोवरा नाही. त्याचे बळ निसर्गाने एकदाच ठरवून दिलेले आहे आणि त्यात तसूभरही फरक होत नाही. या भोवऱ्याच्या कथेत तुरुंग आहे, दोन देशांतली चुरस आहे, टेबलाच्या खणात पडून राहिलेले संशोधन आहे आणि शेवटी पुणे जिल्ह्यातले एक गावही आहे. पण आधी विजयदुर्ग.

३/
साधने काय सांगतात ते पाहावे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याची सावली दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचा तळ जमखंडीत, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात होता. ढगांच्या फटींतून मिळालेल्या काही क्षणांत त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी वर्णरेषा पाहिल्या.

४/
मद्रास वेधशाळेतील भारतीय साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी हेच ग्रहण वनपर्ती येथून पाहिले. वनपर्ती तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या काळचे औरंगाबाद, हेही त्याच राज्यातले शहर. म्हणजे ‘आपल्याकडचे कोणी होते का?’ या प्रश्नाला खरे उत्तर आहे. फक्त ते विजयदुर्गाच्या आख्यायिकेत सापडत नाही.

५/
आणि ज्यांच्या नावाने ते कट्टे ओळखले जातात, ते नॉर्मन लॉकयर? ते १८६८ साली हिंदुस्थानात नव्हतेच. त्यांचा नवा वर्णपटदर्शक त्यांच्या हाती आला ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या जोडरेषा ५८९ व ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही नवी पिवळी रेषा त्यांच्या शेजारी, ५८७.६ नॅनोमीटरवर होती आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती.

६/
लॉकयर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी किल्ल्यावर तळ दिला आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी घेऊन वेध घेतले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी जेऊर येथे आपली उपकरणे मांडली होती. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता : २६ मार्च १८९५ रोजी रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या खनिजातून तो वेगळा केला.

७/
आख्यायिकेने केले ते एवढेच, की १८९८ चा साहेब उचलून १८६८ मध्ये नेऊन बसवला. साधी शंकाही पुरेशी होती : कोकणच्या किनाऱ्यावर, ऑगस्टच्या ऐन पावसाळ्यात, सूर्य पाहण्यासाठी कोणता शहाणा वेधकर्ता दुर्बीण मांडील? बखरींतल्या तारखा पडताळून पाहणारे तरुण अभ्यासक विज्ञानाच्या इतिहासापुढे मात्र ही साधी तपासणी विसरतात. शिवकाळाला एक कसोटी आणि सूर्यग्रहणाला दुसरी, असा भेद इतिहासशास्त्राला मान्य नाही.

८/
शिवाय ‘कोणत्या जागी, कोणत्या दिवशी’ हा प्रश्नच येथे अपुरा आहे. पिवळी रेषा १८६८ च्या ऑगस्टमध्ये अनेकांनी पाहिली, पण बहुतेकांनी ती सोडियमची समजली. तिचे वेगळेपण ऑक्टोबरात ध्यानात आले, पदार्थाला नाव मिळाले ते पुढे, आणि पदार्थ हाती आला १८९५ साली. पाहणे, ओळखणे, नाव देणे आणि सिद्ध करणे या चार पायऱ्या आहेत. एकाच किल्ल्याच्या एकाच बुरुजावर त्या मावत नाहीत.

९/
‘हेलियम’ हे नाव १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणातून जाहीरपणे लोकांपुढे आले. अध्यक्ष होते विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेले. येथून कथा खऱ्या अर्थाने भोवऱ्याकडे वळते. कारण याच थॉमसन यांनी चार वर्षांपूर्वी, १८६७ साली, एक धाडसी कल्पना मांडली होती : प्रत्येक अणू म्हणजे विश्व व्यापून राहिलेल्या घर्षणरहित द्रवातला एक भोवरा आहे.

१०/
ही कल्पना का सुचावी, हे समजायला छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचा हौद पुरेसा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून लांबून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवले जाते आणि तेथून हौदात कोसळते. पडत्या धारेखाली पाणी खळबळते. मोठे भोवरे उठतात, ते फुटून लहान होतात, लहानांतून आणखी लहान. हौदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत सगळे शांत झालेले असते.

११/
ते भोवरे कोठे गेले? पाण्याचे थर एकमेकांवर घासतात. या अंगच्या चिकटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. ती भोवऱ्यांची शक्ती खाते आणि तिची किंचित उष्णता करते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ साली गणिताने दाखवले होते, की श्यानता मुळीच नसेल तर भोवरा विरणार नाही. तो अखंड टिकेल. थॉमसन यांनी ते ऐकले आणि म्हटले, जे अविनाशी आहे तेच अणू असले पाहिजे. अणूंविषयीचा त्यांचा तर्क चुकला. पण घर्षणरहित द्रव खरोखर सापडला, आणि तो ज्याचे नाव त्यांनीच जाहीर केले होते त्या हेलियममध्ये. इतिहासाला असे योग जुळवता येतात. आख्यायिकेची गरज भासत नाही.

१२/
हेलियम द्रवरूप करण्यात पहिले यश आले ते १० जुलै १९०८ रोजी, हॉलंडमधल्या लायडन येथे, कामरलिंग ऑनेस यांना. सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला तो उकळतो. आणखी दोन अंशांनी थंड केला, की २.१७ केल्व्हिनपाशी उकळी एकाएकी थांबते आणि द्रव आरशासारखा निश्चल होतो. हे डोळ्यांपुढे घडत असूनही त्याचा अर्थ लागायला तीस वर्षे गेली. पाहणे आणि ओळखणे यांतले अंतर येथे पुन्हा दिसते.

१३/
८ जानेवारी १९३८ च्या ‘नेचर’मध्ये दोन टिपणे शेजारी-शेजारी छापून आली. एक मॉस्कोच्या कपित्झा यांचे, दुसरे केंब्रिजच्या ॲलन व मायझनर यांचे. दोन्हींचा सारांश एक : त्या तापमानाखाली हेलियम अतिसूक्ष्म फटींतून जवळजवळ विनाघर्षण वाहतो. कपित्झा यांनी त्याला ‘अतिप्रवाही’ म्हटले. गंमत अशी, की ॲलन व मायझनर ज्या प्रयोगशाळेत काम करत होते, ती मुळात कपित्झा यांच्यासाठीच उभारलेली होती. १९३४ साली ते मायदेशी गेले असता सोव्हिएत सरकारने त्यांना परतू दिले नव्हते.

१४/
त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉस्कोत लेव्ह लान्दाऊ या तरुण सिद्धान्तकाराला अटक झाली. स्टालिनी दमनाचा तो ऐन काळ. कपित्झा यांनी सत्ताधीशांना पत्रे लिहिली. आपल्याला द्रव हेलियमचे कोडे सोडवायचे आहे आणि ते लान्दाऊवाचून सुटणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका वर्षाने लान्दाऊ सुटले. १९४१ साली त्यांनी अतिप्रवाहितेचा सिद्धान्त मांडला. हेलियमने एका माणसाचा जीव वाचवायला हातभार लावला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

१५/
मानसन्मानाचे वाटप मात्र विषम झाले. लान्दाऊ यांना १९६२ साली नोबेल मिळाले, कपित्झा यांना १९७८ साली. ॲलन आणि मायझनर यांना ते कधीच मिळाले नाही. ‘पहिला कोण?’ या प्रश्नाचे अधिकृत उत्तर आणि कागदपत्रांतले उत्तर यांत किती फरक पडू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण. विजयदुर्गाच्या बाबतीत ज्यांना अन्याय दिसतो, त्यांनी हा अन्यायही वाचावा.

१६/
आता मूळ भोवरा. अतिप्रवाही हेलियम भांड्यात घालून भांडे फिरवले तर काय होईल? घर्षण नाही, म्हणजे द्रवाने जागचे हलू नये. प्रत्यक्षात तोही फिरताना दिसला. १९४९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत दुसऱ्याच्या निबंधावरील चर्चेत लार्स ऑन्सागर यांनी सहज बोलावे तसे उत्तर दिले : या द्रवात भोवरे असतील, पण ते ठरावीक मापाचेच असतील. सिद्धान्ताचा जन्म प्रबंधात झाला नाही. परिषदेच्या वृत्तान्तात छापलेल्या काही ओळींत झाला. दप्तरातल्या समासातल्या शेऱ्यांचे मोल जाणणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

१७/
मापे ठरावीक का? अतिप्रवाही हेलियममधले अणू सुटे-सुटे वागत नाहीत. सगळ्यांची मिळून एकच लाट असते. बांगडीच्या घेरावर वेलबुट्टी कोरायची असेल तर घेर पूर्ण होताना बुट्टी अर्ध्यावर तुटता कामा नये. एक, दोन, तीन, अशा पूर्ण बुट्ट्याच बसल्या पाहिजेत. तसेच भोवऱ्याभोवती एक फेरी पूर्ण करताना ती लाट स्वतःशी नेमकी जुळली पाहिजे. म्हणून दीड भोवरा, सव्वा भोवरा संभवत नाही. अशा भोवऱ्याला पुंजभोवरा म्हणता येईल.

१८/
त्याच्या बळाचे माप काढायला दोनच गोष्टी लागतात : प्लांकचा स्थिरांक आणि हेलियमच्या अणूचे वस्तुमान. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सेकंदाला सुमारे ०.००१ चौरस सेंटिमीटर हे उत्तर येते. लायडनचा हेलियम असो वा मुंबईचा, उत्तर तेच. भोवऱ्याचा पोकळ गाभा मिलिमीटरच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा. भांडे सेकंदाला एक फेरी घेत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला असे सुमारे साडेबारा हजार भोवरे उभ्या पिकासारखे ओळीने उभे राहतात. ते सारे मिळून ‘द्रव फिरतो आहे’ असा देखावा निर्माण करतात.

१९/
१९५५ साली रिचर्ड फाइनमन स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले आणि त्यांनी कल्पना सविस्तर मांडली. १९५६ साली केंब्रिजमध्ये हॉल आणि विनेन यांनी फिरत्या हेलियममध्ये भोवऱ्यांचे परिणाम मोजले. पुढे विनेन यांनी द्रवात ताणलेल्या बारीक तारेच्या कंपनांवरून एका भोवऱ्याचे बळ मोजले; १९६१ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि उत्तर भाकितानुसार निघाले. भोवऱ्यांच्या सुबक रचनेची छायाचित्रे मिळाली ती १९७९ साली, कॅलिफोर्नियात, पॅकार्ड यांच्या प्रयोगशाळेत. शेऱ्यापासून छायाचित्रापर्यंत तीस वर्षे.

२०/
या मालिकेतला सर्वांत बोलका धडा अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांचा. अतिसंवाहकांत विद्युत्प्रवाहाचे तसेच ठरावीक भोवरे असतात, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या पन्नाशीत ताडले. त्यांनी पुढे स्वतः सांगितल्याप्रमाणे लान्दाऊ यांना ते पटले नाही आणि काम खणात पडून राहिले. फाइनमन यांचा लेख आल्यावर ते बाहेर निघाले; १९५७ साली छापले गेले आणि २००३ साली त्याला नोबेल मिळाले. तुरुंगातून सुटलेला थोर माणूसही आपल्या शिष्याच्या वाटेत उभा राहू शकतो. चरित्रनायकांना देव करणाऱ्या इतिहासलेखनाला हे पचत नाही. म्हणून ते सांगितले पाहिजे.

२१/
हा भोवरा प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. रुग्णालयातील एमआरआय यंत्रांत बहुधा निओबियम-टायटॅनियमच्या तारांचे अतिसंवाहक चुंबक असतात आणि ते द्रव हेलियममध्ये थंड ठेवलेले असतात. त्या तारांत अब्रिकोसोव्ह यांचे भोवरे असतात आणि ते जागचे हलू नयेत, अशीच तारांची घडण केलेली असते. छत्रपती संभाजीनगरात गुडघ्याचा वा मणक्याचा एमआरआय काढून घेणारा माणूस नकळत या इतिहासाच्या पोटात काही मिनिटे पडून असतो.

२२/
मग संक्षोभ, म्हणजे पाणचक्कीच्या हौदातली ती खळबळ, तिचे काय? वाहत्या पाण्याचा संक्षोभ भौतिकीच्या जुन्या न सुटलेल्या कोड्यांपैकी एक आहे. १९४१ साली, लान्दाऊ हेलियमचा सिद्धान्त लिहीत होते त्याच वर्षी, त्याच देशात कोल्मोगोरोव्ह यांनी मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे शक्ती कोणत्या प्रमाणात उतरत जाते, याचा नियम मांडला. पण पाण्यातला प्रत्येक भोवरा वेगळा, धूसर कडांचा. त्यांची मोजदाद करणार कशी?

२३/
अतिप्रवाहीत मोजदाद करता येते, कारण सगळे भोवरे एकाच मापाचे. खळबळ झाली की ते दोऱ्याच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकतात. हे चित्र फाइनमन यांनी १९५५ सालीच रेखाटले होते आणि विनेन यांनी १९५७ मध्ये त्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. दोन भोवरे एकमेकांना छेदतात तेथे तुटतात आणि टोकांची अदलाबदल करून पुन्हा जुळतात. गोठलेल्या हायड्रोजनचे सूक्ष्म कण द्रवात सोडून अमेरिकेतील मेरिलँड येथे हे दृश्य टिपले गेले. त्या संशोधकांत मूळचे कर्नाटकचे के. आर. श्रीनिवासन होते.

२४/
आश्चर्य पुढे आहे. १९९८ साली फ्रान्समध्ये मॉरर आणि ताबेलिंग यांनी खळबळणाऱ्या अतिप्रवाही हेलियमचा अभ्यास केला आणि त्यांना कोल्मोगोरोव्ह यांचा पाण्याचा नियमच तेथे दिसला. सुटा पुंजभोवरा हौदातल्या भोवऱ्यासारखा मुळीच वागत नाही. हजारोंचा गुंता झाला की तो पुष्कळसा पाण्यासारखा वागू लागतो. एकेक माणूस वेगळा आणि जमाव वेगळा, हे समाजाचा इतिहास शिकवतो. येथे तीच गोष्ट द्रव शिकवतो.

२५/
या कथेत भारताचे नाव येते ते कोणत्याही बुरुजाच्या आधाराविना. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना एक लेख पाठवला. त्यातून निघालेल्या विचारानुसार, पुरेशा थंड वायूतले अणू एकाच अवस्थेत गोळा व्हायला हवेत. १९९५ साली अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या वायूत ते घडले. तापमान एका अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या जवळपास. १९९९ साली त्याच गावी अशा वायूत पहिला पुंजभोवरा निर्माण केला गेला. २००१ साली एमआयटीत सोडियमच्या वायूत शंभराहून अधिक भोवऱ्यांची त्रिकोणी जाळी दिसली : अब्रिकोसोव्ह यांनी कागदावर मांडलेल्या जाळीची सख्खी बहीण.

२६/
२००९ साली ब्राझीलमधल्या साओ कार्लोस येथे असा वायू हलवून त्यात भोवऱ्यांचा गुंता, म्हणजेच संक्षोभ निर्माण झाला. आणि २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी चपट्या वायूत एकाच दिशेने फिरणारे भोवरे आपणहून एकत्र येऊन मोठे झुपके करतात, हे दाखवले. लहानांचे मोठे होणे, पाणचक्कीच्या हौदाच्या नेमके उलट. हेही भाकीत ऑन्सागर यांनी १९४९ सालच्या त्याच परिषदेत केले होते. ते खरे ठरायला सत्तर वर्षे लागली.

२७/
आणि आता पुणे जिल्ह्यातले ते गाव. १९६९ साली व्ही. राधाकृष्णन आणि मँचेस्टर यांनी ऑस्ट्रेलियातून ‘वेला’ या स्पंदकाचे निरीक्षण केले. तो सेकंदाला सुमारे अकरा वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा; त्याची गती हळूहळू कमी होत जाते. पण त्या वर्षी ती एकाएकी दहा लाखांत सुमारे दोन भागांनी वाढली. १९७५ साली अँडरसन आणि इतोह यांनी कारण सुचवले : ताऱ्याच्या पोटात न्यूट्रॉनांचे अतिप्रवाही आहे, त्यातले पुंजभोवरे कवचात अडकून बसतात आणि एका क्षणी झुंडीने सुटतात. आज हे स्पष्टीकरण सर्वाधिक मानले जाते.

२८/
नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, अशा स्पंदकांवर नजर ठेवते आणि त्यांच्या गतीतल्या या उसळ्या टिपते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. द्राक्षांच्या मळ्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या या तबकड्या हजारो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यांतल्या भोवऱ्यांची चाहूल घेतात. मराठी मुलखाचा या विषयाशी खरा, चालू, तपासून पाहता येण्याजोगा संबंध हवा असेल, तर तो येथे आहे.

२९/
एक आक्षेप नेहमी येतो : विजयदुर्गाच्या गोष्टीने चार मुले विज्ञानाकडे वळत असतील, तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. ज्या मुलाला कुतूहल वाटेल ते पुढे वाचेल आणि लॉकयर १८६८ साली इंग्लंडमध्ये होते, हे त्याला दुसऱ्याच पानावर कळेल. मग त्याचा विश्वास उडेल तो गोष्ट सांगणाऱ्यावर. आणि सांगणारा बहुधा त्याचा शिक्षक असेल. खोट्या अभिमानाची किंमत खऱ्या कुतूहलाला चुकवावी लागते.

३०/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वसाहतकाळात देशी माणसांचे श्रेय दडपले गेले, मग आपली बाजू थोडी वाढवून सांगितली तर काय? पण विजयदुर्गाची आख्यायिका देशी माणसाला श्रेय देतच नाही. ती इंग्रज साहेबाला आपल्या किल्ल्यावर बसवते आणि त्याच्या सावलीत अभिमान शोधते. वनपर्तीचे रघुनाथाचारी आणि जेऊरचे नेगमवाला मात्र तिच्यात कोठेच नाहीत. दडपलेले श्रेय परत मिळवायचे असेल तर कागदपत्रे उघडावी लागतात.

३१/
विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. १८९८ चा तळ ही हेलियमला नाव देणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली खरी, नोंदलेली घटना आहे आणि तेवढे पुष्कळ आहे. तेथे १८ ऑगस्टला हेलियम दिन जरूर व्हावा. भाषणात मात्र १८९८ हे साल खणखणीत उच्चारले जावे. १८६८ साठी जमखंडी, वनपर्ती आणि गुंटूरची नावे घ्यावीत. आणि लॉकयर यांच्यापाशी न थांबता ऑन्सागर, विनेन, अब्रिकोसोव्ह आणि खोडदपर्यंत यावे.

३२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र भौतिकीवाल्यांचे म्हणून सोडून देऊ नये. समीकरणे सोडवणे हे त्यांचे काम नसेल. पण परिषदेचा वृत्तान्त वाचणे, पत्रांच्या तारखा लावणे, कोण कोठे होता आणि कोण नव्हता याचा निवाडा करणे हे त्यांचेच काम आहे. मराठीत या विषयावर तसे लेखन फार थोडे आहे. पुढच्या १८ ऑगस्टला ते वाक्य पुन्हा फिरेल, तेव्हा त्याखाली हसण्याची खूण टाकण्याऐवजी कोणी ‘२० ऑक्टोबर १८६८, इंग्लंड’ आणि ‘२२ जानेवारी १८९८, विजयदुर्ग’ एवढ्या दोन नोंदी शांतपणे लिहिल्या, तरी सुरुवात झाली असे समजावे.